दारातल्या दादांना

प्रिय दादा,

तुमच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव मला पाठ आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत घ्यायचं नाही, म्हणून नुसतं दादा. पत्र वाचलंत की ओळखालच.

आईला घेऊन आम्ही रात्री उशिरा तुमच्या हॉटेलवर पोचलो. तुम्ही गाडीचं दार उघडलंत आणि दुसरा हात वरच्या कडेखाली धरलात, तिचं डोकं आपटू नये म्हणून. तिला उठायला वेळ लागतो. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तिला तुम्ही खुणेनंच थांबवलंत. ‘सावकाश, आजी’ म्हणत हात पुढे करून उभे राहिलात. तिने तुमचा हात धरला, तुम्ही तिचा नाही. म्हाताऱ्या माणसाला हा फरक बरोबर कळतो.

टॅक्सी निघून गेली आणि लक्षात आलं, तिच्या इन्सुलिनची पिशवी मागच्या सीटवरच राहिली. आमचा धीरच सुटला. तुम्ही खिशातून छोटी वही काढलीत. गाडीचा नंबर, आल्याची वेळ, सगळं त्यात होतं. फोनाफोनी तुम्हीच केलीत. पिशवी परत आली तेव्हा तुमच्या हॉटेलात निरोप पोचवणारा मुलगा ती घेऊन धावत वर आला. ‘न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको, गोठल्या तर वाया जातील,’ हा तुमचा निरोपही त्याने जसाच्या तसा सांगितला.

सामान आणणाऱ्या भाऊंचेही आभार. आईला रात्री उठावं लागतं हे ऐकून त्यांनी आधी बाथरूमचा दिवा दाखवला, मग आगीच्या वेळी उतरायचा जिना.

बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये चाकांच्या बॅगेचं अमेरिकन पेटंट मिळालं. तेव्हापासून सामान ओढणं सोपं होत गेलं, आणि आता हमालाची गरजच काय, असं लोक सर्रास म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या रात्री आमचं अडलं होतं ते ओझ्यापायी नव्हे. बॅगा आम्हीही ओढल्या असत्या. गाडीचा नंबर कोणी टिपला असता?

तुमच्या व्यवस्थापनाला वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात रात्रपाळीच्या तुम्हा तिघांचीही नावं लिहिली आहेत, आणि दारात उभ्या माणसासाठी एक खुर्ची ठेवावी अशी विनंतीही केली आहे. आईची शुगर आता ताब्यात आहे. तिने तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत.

तुमचा ऋणी,
आजींचा मुलगा