पानगळीच्या जंगलाची सुरुवात नारिंगीने नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पानगळीच्या जंगलाचे तैलचित्र कसे रंगवावे, यावरचा लेख वाचला. नवशिक्यांसाठी हा विषय घेतल्याबद्दल मनापासून आभार. त्यात पिवळा-नारिंगी आधी भरून सावल्या नंतर टाकायला सांगितले आहे. त्याबद्दल मात्र लिहिणे भाग आहे.

मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका. सध्या तैलरंग शिकते आहे आणि माझ्या इझलवर पानगळीचेच जंगल आहे. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही; त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्याला दिवसचे दिवस लागतात. ओल्या कॅडमियम नारिंगीवर निळसर सावली टाकली की दोन्ही मिसळून चिखल होतो. नवशिक्याला वाटते, आपला हातच वाईट. हात नव्हे, क्रम चुकलेला असतो.

माझ्या शिक्षकांनी आधी सगळ्या कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी रंग, पुसून घ्यायला लावला. मग अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून झाडांचे गडद गठ्ठे. डोळे किलकिले करून पाहायचे. जे वेगळे दिसत नाही ते वेगळे रंगवायचे नाही. दूरची झाडे करड्या-निळ्यात. या टप्प्यावर चित्र अगदी उदास दिसते आणि ते तसेच दिसायला हवे. कॅडमियमची ट्यूब उघडायची ती शेवटी, थोड्याच फटकाऱ्यांसाठी. करड्याशेजारी बसलेला तो नारिंगी असा पेटतो की आणखी रंग घालावासा वाटत नाही.

रशियन चित्रकार लेव्हितानचे १८९५ सालचे 'सोनेरी शरद' पाहा. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतले हे चित्र सगळ्यांना पिवळे म्हणून आठवते. पण त्यातली नदी केवढी गडद निळी आहे! ती झाकून पाहिली की बर्चची झाडे निम्मी विझतात.

आणखी एक. पानातला पिवळा रंग बाहेरून येत नाही. तो हिरव्याखाली आधीपासून असतो, हरितद्रव्य मोडले की उघडा पडतो. म्हणून एकाच फांदीवर, कधी एकाच पानावरही, हिरवा रेंगाळलेला दिसतो. लेखातल्या नमुन्याप्रमाणे अख्खे झाड एका पिवळ्यात रंगवले तर ते कागदाचे वाटेल. लाल पानांसाठी सुचवलेला अ‍ॅलिझरीन क्रिमझन पातळ थरात उजेडाने फिका पडतो. क्विनाक्रिडोन लाल टिकतो.

थरांचा नियम लेखात आलाच नाही. खाली कमी तेल, वर जास्त तेल. उलट केले तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा हलत राहतो आणि कालांतराने चित्राला भेगा पडतात. तेलाच्या फडक्यांचा उल्लेखही हवा होता. जवसाच्या तेलात भिजलेले बोळे ढिगाने टाकले तर ते आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत. वाचक हे घरात, मुलांच्या आसपास करणार आहेत. एवढी सूचना पुढच्याच अंकात छापावी.

शेवटी एक विनंती. पूर्ण झालेल्या रंगीत चित्राशेजारी त्याच चित्राचा कृष्णधवल फोटो द्या. पिवळा कुठे खरोखर उजळ आहे आणि नारिंगी-हिरवा कुठे एकाच छटेचे होऊन एकमेकांत बुडाले आहेत, हे नवशिक्याला त्यात लगेच दिसते. आणि जमल्यास ते उदास, करडे अर्धे चित्रही छापा. तेच शिकायला सगळ्यात अवघड आहे आणि ते कोणी दाखवत नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका