स्वादुपिंडाची गाठ आणि तपासणीची चिठ्ठी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘पेट स्कॅन केला की सगळे कळते’ ही समजूत आपल्या इंदुरातही पक्की होत चालली आहे. स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकांशी निगडित पेशींपासून होणाऱ्या) गाठींच्या बाबतीत ती खर्चिक तर आहेच, पण कधी कधी दिशाभूलही करते, म्हणून हे पत्र.

स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ मध्ये झालेला आजार याच जातीचा. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगाहून तो वेगळा. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो, आणि त्यामुळे सीटीसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर साधारण ३५ ते ४५ सेकंदांनी, म्हणजे धमनी टप्प्यात, त्या उजळून दिसतात. सुमारे ७० सेकंदांनी, म्हणजे नेहमीच्या पोटाच्या सीटीच्या वेळी, गाठ व भोवतालची ग्रंथी यांतला फरक बऱ्याचदा मावळलेला असतो.

रामबागेतल्या एका परिचितांची फाइल नुकतीच पाहण्यात आली. सकाळी उपाशीपोटी दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ, साखर खाल्ली की दहा-पंधरा मिनिटांत माणूस पूर्ववत. ग्लुकोमीटरवर आकडा ४२. इन्सुलिनोमाची (जास्त इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीची) शंका यावी अशीच ही लक्षणे. पण सीटीच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘पोटदुखी’. साहजिकच सीटी एकाच टप्प्यात उरकला आणि अहवाल ‘नॉर्मल’ आला. मग नातेवाइकांनी पदरमोड करून गॅलियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा पेट स्कॅन केला, तोही स्वच्छ. शेवटी एंडोस्कोपिक सोनोग्राफीत (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेल्या सोनोग्राफीत), स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात, सव्वा सेंटिमीटरची गाठ सापडली.

यात पेट स्कॅनच्या यंत्राचा दोष नव्हता. गॅलियम-६८ लावलेले डोटाटेट किंवा डोटानॉक हे द्रव्य पेशींवरच्या, सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटते आणि इन्सुलिनोमावर हे ग्राहक पुष्कळदा तुटपुंजे असतात. उलट स्वादुपिंडाच्या अन्सिनेट (डोक्याच्या खालच्या, आकड्यासारख्या) भागात निरोगी माणसातही थोडी चमक दिसू शकते आणि नवख्या डोळ्याला ती गाठ वाटते. मात्र गॅस्ट्रिनोमा (जठरातले आम्ल वाढवणारे गॅस्ट्रिन स्रवणारी गाठ), संप्रेरके न स्रवणाऱ्या गाठी, यकृतात वा हाडांत पसरलेला आजार आणि ल्युटेशियम उपचार (किरणोत्सर्गी द्रव्य थेट गाठीपर्यंत पोचवणारा) लागू पडेल का हा प्रश्न, यांसाठी हाच स्कॅन आज सर्वांत भरवशाचा मानला जातो. याच ग्राहकांवर बेतलेल्या पूर्वीच्या, इंडियम या किरणोत्सर्गी द्रव्याच्या ऑक्ट्रिओटाइड स्कॅनला रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे लागे. ग्लुकोजचा नेहमीचा पेट उपयोगी पडतो तो प्रामुख्याने वेगाने वाढणाऱ्या गाठींत.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, यकृतातले बारीक डाग त्यात चांगले उमटतात, आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचा असेल तर माझा कल त्याकडेच राहील. एंडोस्कोपिक सोनोग्राफी लहान गाठींत सरस आहे, शिवाय सुईने नमुनाही घेता येतो. पण गुंगी द्यावी लागते आणि सारी भिस्त करणाऱ्याच्या हातावर असते. सराव असलेला हात कुठे आहे, याची चौकशी यंत्र किती नवे आहे यापेक्षा अधिक मोलाची.

तेव्हा डॉक्टर मित्रांना विनंती, की चिठ्ठीवर लक्षणे व साखरेचे आकडे लिहावेत आणि स्वादुपिंडासाठी धमनी टप्प्यासह सीटी हवा असे स्पष्ट नमूद करावे. नातेवाइकांनी जुन्या तपासणीची सीडी जपून ठेवावी व दुसरे मत घेताना ती सोबत न्यावी, कारण नुसत्या छापील अहवालावरून कोणता टप्पा घेतला होता हे दुसऱ्या डॉक्टरला बऱ्याचदा कळत नाही.

आपला,
एक निवृत्त रेडिओलॉजिस्ट, इंदूर