भुजच्या लाल चोळीचं काय करू

शुभे,

तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो पण चालतंय. घरात कोणाला सांगून उपयोग नाही, सगळे म्हणतात एक ब्लाउज तर आहे, म्हणून तुला लिहितेय.

आपली भुजची लाल चोळी आहे ना, ती सईला संगीतला घालायचीय, पण कापून. पुढचं आणि बाह्यांवरचं आरशांचं काम उचलून काळ्या सिल्कवर लावायचं, मागे नुसत्या नाड्या, खाली पँट. डिझाइन मस्त काढलंय हां पोरीने. बॅकलेस ऐकून सासूबाईंचा जप अडला. मी कपाटातून चोळी काढून उलटी करून दाखवली, मागे काय, तर नाड्याच! कच्छमधल्या गुरं राखणाऱ्या रबारी समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तशीच घालत आल्यात, आणि सईला वाटतंय शोध तिने लावला. सासूबाई म्हणे त्यांचं वेगळं, वरून ओढणी असते.

पण मला धास्ती कात्रीची. टेलर म्हणतो मॅडम उद्या देतो. अरे बाबा, आभल्याला भोक नसतं, आधी उभे-आडवे धागे टाकून त्यांना धरून कडेने टाका घेतलेला असतो, त्यातला एक धागा कापला गेला की काच सुटलीच, त्यात खालचं कापड पार विरलंय. आणि त्यातले ते तिकोनी आरसे, साखळी टाक्यात बसवलेले, ते तर तूच पहिल्यांदा दाखवले होतेस (आणि लगेच म्हणालीस फार भडक आहे, कोण घालणार, ते मी विसरले नाहीये).

त्यात ते ढेबरिया रबारींचं, म्हणजे रबारींच्याच एका पोटशाखेचं, वाचलं. १९९५ मध्ये समाजातल्या मोठ्यांनीच बंदी घातली, हाताचं भरतकाम करायचंही नाही नि वापरायचंही नाही, कारण सासरी न्यायचं भरून होईपर्यंत मुलींची पाठवणीच लांबायची. आपली चोळी त्यांच्यातलीच का कोण जाणे, विचारणार कधी, तू पैशांवरून भांडत होतीस. पण तसली असेल तर कोणीतरी स्वतःच्या अंगावर घालायला भरलेली, ती मी टेलरकडे टाकू? बरं, गंमत म्हणजे बंदीनंतर त्याच बायकांनी तयार लेस, रिबिनी लावून नवीनच स्टाइल काढली, त्यामुळे सईला चूक तरी कसं म्हणू.

माझं म्हणणं, न कापता चोळीला मलमलचं अस्तर देऊन अख्खी नव्या ब्लाउजवर कच्च्या टाक्यांनी बसवायची, नंतर उसवता येईल. सई म्हणते जाड दिसेल, रजई घातल्यासारखं. दिसेलही.

तुझ्या बदलीचं काय झालं? अण्णांचं मोतीबिंदू उरकलं का? चिन्याला पास झाल्याबद्दल शाबासकी सांग.

अर्धे पैसे तुझे होते म्हणून विचारतेय. टेलरला सोमवारपर्यंत थांबवलंय. काप किंवा कापू नकोस, एकच काय ते लिही, 'तू बघ' लिहू नकोस, तेव्हाही 'तू बघ' म्हणालीस आणि मग वर्षभर मला ऐकवत बसलीस.

तुझी,
मंदा