एकोणीस आखूड ओळी : सरांना आभारपत्र

आदरणीय सरांस,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या आपल्या घरी बसून आपण आमच्या आजोबांचे खासबाग मैदानातले छायाचित्र परत मिळवून दिलेत, त्याबद्दल समोरासमोर मला धड दोन शब्दही बोलता आले नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, आमच्यासारख्या फ्लॉप्या (संगणकातला मजकूर साठवायच्या जुन्या तबकड्या) कोल्हापुरातल्या आणखीही घरांत पडून असतील आणि त्यांतला मजकूर निरर्थक समजून कुणीतरी तो टाकून देईल.

ते छायाचित्र पुण्याच्या काकांनी १९९९ साली ईमेलने पाठवले होते आणि आलेले पत्र वडिलांनी टेक्स्ट फाइल म्हणून फ्लॉपीवर उतरवून घेतले होते. फाइल उघडली की अक्षरे, अंक आणि चिन्हे यांच्या ओळींमागून ओळी दिसत. एका दुकानातून ती ‘खराब झाली आहे’ एवढ्याच शेऱ्यासह परत आली होती. आपण मात्र पहिल्याच ओळीवर थांबलात. ‘बिगिन ६४४’ आणि पुढे फाइलचे नाव असले की तो यूयूएनकोडचा, म्हणजे चित्रासारखी फाइल साध्या अक्षरांत बदलण्याच्या पद्धतीचा, मजकूर असतो, ६४४ हा युनिक्स या संगणकप्रणालीतला, फाइल कोणी वाचावी-बदलावी याच्या परवानग्यांचा आकडा असतो, आणि ईमेलमधून फक्त साधा मजकूर सुखरूप जात असे त्या काळात, १९८० मध्ये, मेरी ॲन हॉर्टन यांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात ही पद्धत तयार केली, हे आपण सांगितलेत, तेव्हा त्या ओळींकडे मी प्रथमच आदराने पाहिले.

मूळ फाइलला हात न लावता आपण आधी तिची प्रत केलीत आणि त्या प्रतीवर अक्षरांची पुन्हा मूळ फाइल करणारी यूयूडीकोड ही आज्ञा चालवलीत. छायाचित्र उघडले खरे, पण आजोबांचा फेटा तेवढा दिसला, चेहऱ्यापासून खाली सारे राखाडी होते. मी तिथेच आशा सोडली होती.

त्यानंतर आपण जे केलेत, त्यासाठी मी आपला विशेष ऋणी आहे. या पद्धतीत तीन बाइटांचे (एक बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे शून्य किंवा एक) चोवीस बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटले जातात, प्रत्येक गटात ३२ मिळवून त्याचे छापता येण्याजोगे अक्षर केले जाते, आणि म्हणून गट शून्य असेल तर त्या जागी रिकामी जागा उमटते, हे आपण कागदावर मांडून दाखवलेत. अशी रिकामी जागा ओळीच्या शेवटी आली आणि जतन करताना एखाद्या प्रोग्रॅमने ती निरुपयोगी म्हणून छाटली, तर ओळ आखूड होते आणि तिथून पुढे चित्र बिघडते. (याच कारणाने पुढे रिकाम्या जागेऐवजी उलटे अवतरणचिन्ह वापरण्याची रीत पडली.) परंतु ओळीचे पहिले अक्षर तिच्यात किती बाइट आहेत हे सांगत असते. ‘एम’ म्हणजे ४५ बाइट, त्यांची साठ अक्षरे, आणि पहिले धरून एकसष्ट. जे गळाले होते त्याची नोंद ओळीतच शिल्लक होती! साडेआठशेच्या आसपास ओळींपैकी एकोणीस आखूड निघाल्या. ऑक या मजकुरावर ओळीओळीने काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका ओळीच्या आज्ञेने आपण ‘एम’च्या सर्व ओळी एकसष्ट अक्षरांपर्यंत रिकाम्या जागांनी भरून काढल्यात, शेवटची अपुरी ओळ हाताने मोजलीत, आणि यूयूडीकोड पुन्हा चालवताच खांद्यावर गदा घेतलेले आजोबा पूर्ण उभे राहिले. माझ्या आईने ते छायाचित्र पाहिले तेव्हा बराच वेळ ती काही बोलली नाही.

दुसऱ्या फ्लॉपीवरच्या तीन फाइली बेस६४ या, फाइल अक्षरांत बदलण्याच्याच दुसऱ्या पद्धतीच्या होत्या. त्या ‘बेस६४’ या आज्ञेला डी हा पर्याय देऊन मी घरी स्वतः उलगडल्या. विंडोजमधून आलेल्या ओळींच्या शेवटच्या जादा खुणेमुळे एक फाइल अडली, तेव्हा अशा परक्या खुणा वगळणारा आय हा पर्यायही जोडण्याची आपली सूचना कामी आली.

आता दोनच फाइली उरल्या आहेत. त्यांची सुरुवात ‘बिगिन’ने होते, पण शेवटी ‘एन्ड’ ही ओळ नाही, त्यामुळे ते पत्र तुकड्यांत आले असावे असे मला वाटते. वडिलांच्या कपाटात आणखी सहा फ्लॉप्या सापडल्या आहेत. आपली हरकत नसेल, तर येत्या रविवारी सकाळी त्या घेऊन आपल्याकडे येतो.

आपला कृतज्ञ,
शिवाजी पेठेतला आपला एक विद्यार्थी