टीकॅसचा आदेश आणि बातमीतला 'बेशिस्त' पायलट

संपादक महोदय,

हवेत दोन विमाने जवळ आली की 'पायलटने नियंत्रण कक्षाचा आदेश धुडकावला', 'विमान अचानक शेकडो फूट खाली आले' असे मथळे हमखास येतात. चिपी, मोपा, दाबोळी हे विमानतळ आणि मुंबईहून दक्षिणेकडची ये-जा यांमुळे कोकण किनाऱ्यावरही विमानांची वर्दळ वाढली आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले. टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे टीकॅसने, वर किंवा खाली जायला सांगितले की पायलटने तेच करायचे असते. नियंत्रक त्या क्षणी उलट सांगत असला तरीही.

टीकॅस आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला (विचारणेला आपोआप रेडिओ उत्तर देणाऱ्या उपकरणाला) १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा करते आणि १०९० वर उत्तर घेते. त्यावरून अंतर आणि उंची नेमकी कळते, दिशा मात्र ढोबळच. म्हणून टीकॅसचा पडदा पाहून डावी-उजवीकडे वळायचे नसते. पहिला इशारा 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा येतो, उंचीनुसार २० ते ४८ सेकंद आधी. पडद्यावर पिवळे वर्तुळ दिसते. यावर विमान हलवायचे नाही, बाहेर पाहायचे आणि तयार राहायचे. खिडकीतून दिसलेले विमान तेच असेल याचीही खात्री नसते.

धोका वाढला तर १५ ते ३५ सेकंद उरले असताना वर्तुळाच्या जागी लाल चौकोन येतो आणि 'क्लाइम्ब, क्लाइम्ब' किंवा 'डिसेंड, डिसेंड' असा आवाज येतो. आता पाच सेकंदांत कृती हवी. बहुतेक विमानांत ऑटोपायलट काढून हाताने उडवावे लागते. एअरबसच्या अशा विमानांत दोन्ही फ्लाइट डायरेक्टरही (विमान कसे वळवायचे ते पडद्यावर दाखवणाऱ्या खुणा) बंद करतात, नाहीतर ते जुन्या मार्गाचेच इशारे देत राहतात आणि ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप ठरवणारी यंत्रणा, वेग सांभाळण्याच्या मोडमध्ये येत नाही. मग चढ-उताराच्या वेगाचा काटा हिरव्या पट्ट्यात आणायचा, साधारण मिनिटाला १,५०० फूट. झटका द्यायचा नाही, पाव जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट) पुरे. दुसऱ्या पायलटने रेडिओवर 'टीकॅस आरए' (वर-खाली जाण्याचा टीकॅसचा आदेश) असे कळवायचे. आदेश मध्येच उलटला तर प्रतिसादाला अडीचच सेकंद मिळतात. पायलटने 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे धोका टळला, असे कळवेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाचा मार्ग बदलायचा नसतो.

इतका कडक नियम का? दोन्ही विमानांतली टीकॅस यंत्रे आपसात ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. नियंत्रकाला हे दिसेलच असे नाही, शिवाय त्याच्या रडारचे चित्र काही सेकंदांनी बदलते. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात एका जंबो जेट विमानाच्या पायलटने टीकॅसचा 'वर' सोडून नियंत्रकाचा 'खाली' ऐकला. समोरचे विमानही टीकॅसनुसार खालीच येत होते. शेवटच्या क्षणी नजरेने पाहून टक्कर टळली, पण त्या हिसक्यात शंभरच्या आसपास लोक जखमी झाले. पट्ट्याचा दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा बांधून ठेवा, हे एवढ्यासाठीच सांगतात. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनजवळ नेमके तेच घडले आणि या वेळी टक्कर टळली नाही. टुपोलेव्ह प्रवासी विमान आणि मालवाहू बोइंगमधले ७१ जण गेले, त्यांत शाळकरी मुले बरीच होती. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीला दोन विमानांच्या टकरीत ३४९ जीव गेले आणि त्यानंतर टीकॅस सक्तीचे झाले.

टीकॅसचा आदेश आला म्हणजे दर वेळी कुणाची चूक झाली असेही नाही. एक विमान वेगाने चढत येऊन १,००० फूट खाली थांबणार असते, पण ते थांबणार हे टीकॅसला ठाऊक नसते. म्हणून ठरलेली उंची गाठताना शेवटच्या हजार फुटांत चढ-उताराचा वेग मिनिटाला १,५०० फुटांच्या आत ठेवावा, अशी शिफारस आहे. ती पाळली तर असे कित्येक इशारे येतच नाहीत. 'ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड' (चढ-उताराचा वेग कमी करा) ऐकून काही पायलट नेमके उलटे करत. म्हणून टीकॅसच्या नव्या आवृत्तीत त्या जागी सरळ 'लेव्हल ऑफ' (आहे त्या उंचीवर सपाट उडा) आले. हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मात्र ट्रान्सपॉन्डर बंद असलेले विमान टीकॅसला दिसतच नाही. ट्रान्सपॉन्डर उंची सांगत नसेल तर फक्त 'ट्रॅफिक' ऐकू येते, वर-खाली जाण्याचा आदेश मिळत नाही. जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखालीही तो मिळत नाही. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, रत्नागिरीला तटरक्षक दलाचा. अशा सामायिक आकाशात प्रत्येकाचा ट्रान्सपॉन्डर उंचीसह चालू असणे आणि नियंत्रकांनी विमानांत अंतर राखणे, याला पर्याय नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी बातमी देताना आधी विचारा: इशारा फक्त 'ट्रॅफिक' होता की वर-खाली जाण्याचा आदेश होता? आदेश कोणत्या दिशेचा होता, आणि दोन्ही विमानांनी तो पाळला का? एवढे कळल्याशिवाय पायलटला किंवा नियंत्रकाला मथळ्यात दोषी ठरवू नये.

आपले,
विमान वाहतूक क्षेत्रातील काही वाचक, वेंगुर्ले