धोतऱ्याचं फूल आणि आमचा माळ

संपादक साहेब, नमस्कार.
कासच्या फुलांचे फोटो पेपरात दरवर्षी येतात, छानच असतात, पण एकदा जॉर्जिया ओकीफवर पण छापा की. या अमेरिकन चित्रकार बाईंनी १९३२ साली धोतऱ्याचं पांढरं फूल रंगवलं, हो तोच धोतरा, आपल्याकडं उकिरड्याशेजारी उगवतो आणि सोमवारी आपण महादेवाला वाहतो तो, चार फूट उंच कॅनव्हासवर एकच फूल, पाकळ्यांच्या शिरा न् शिरा दिसतायत, आणि ते चित्र २०१४ ला ४.४४ कोटी डॉलरला गेलं!! १९२९ पासून त्या अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटात जायला लागल्या, १९४९ ला तिकडंच राहायला गेल्या. तांबडे डोंगर, उन्हात पांढरी पडलेली जनावरांची हाडं, हेच रंगवत बसल्या. मी दहिवडीकडचा, असला माळ लहानपणापासून बघतोय, पण आम्हाला त्यात दुष्काळच दिसला (टँकर कधी येणार या घोरात चित्र कुठलं सुचतंय). औंधच्या चित्रांच्या म्युझियमला पोरांची सहल गेली तर आमच्या पोराच्या गुरुजींनी अर्ध्या तासात सगळ्यांना परत गाडीत बसवलं, म्हणे पुढं यमाईचा डोंगर चढायचाय.
– एक वाचक, सातारा