मंत्रिमहोदय, आमचं मैदान श्रावणात बघायला या

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली. 31 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यातली शेवटची 12 कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ सांभाळण्यात गेली. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळी मुली हाक मारतात आणि माझेही पाय तिकडेच वळतात.

आपल्याला वेळ कमी असतो, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर एका, फक्त एका बास्केटबॉल कोर्टावर छप्पर हवं आहे. स्टेडियम नको, प्रेक्षागृह नको, कमान तर मुळीच नको.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आता कॉलेजचं वेळापत्रक बघा. प्रवेश जूनमध्ये, संघाची निवड जुलैत आणि गणपती विसर्जन झालं की आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धेचे सामने. सरावाचे म्हणून जे काही दिवस हाताशी येतात ते सगळे पावसात जातात.

आमचं कोर्ट सिमेंटचं आणि उघडं. ऑगस्टपर्यंत त्यावर हिरवंगार शेवाळ धरतं. चारला सराव असेल तर मुली तीनलाच येतात, ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतात, बादल्या ओततात. कोर्ट जरा पांढरं दिसायला लागलं की समुद्राकडून सर आलीच. फ्री थ्रोच्या रेषेवर कायमचं डबकं आहे, तिथे उभं राहून नेम धरायचा म्हणजे बुटात पाणी. मुलींचा बॉल 6 नंबरचा असतो, पुरुषांच्या 7 नंबरपेक्षा थोडा लहान, हातात नीट बसावा म्हणून. भिजला की तोही साबणासारखा निसटतो. "मॅडम, हो हातात ऱ्हवणाच नाय," म्हणत एकीने तो ओढणीने पुसला, तर ओढणीच ओलीचिंब होती. रिंग खाऱ्या वाऱ्याने गंजून तिचे पापुद्रे निघतात. नेट मात्र झकास आहे. आमच्या एका मुलीच्या बाबांनी मासेमारी बंदीच्या दिवसांत घरी बसून जाळ्याच्या दोरीतून विणून दिलंय. अख्ख्या कोर्टावर धड अशी तेवढीच एक वस्तू.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या मुलींना घेऊन स्पर्धेला गेलो. संध्याकाळी कणकवलीला गाडी, सकाळी दादर, स्टेशनवरच तोंड धुऊन कपडे बदलायचे आणि नऊला सामना. त्याचं फार काही वाटत नाही, कोकणातल्या माणसाला रात्रीचा प्रवास नवा नाही. खरी फजिती पुढे झाली. सामना बंदिस्त सभागृहात, लाकडी कोर्टावर. आमच्या मुली असल्या जमिनीवर पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. बूट करकरले तरी दचकायच्या. आमच्या इथला रिंगमागचा बोर्ड प्लायवूडचा, पाण्याने फुगलेला, त्यावर बॉल आपटला की मेल्यासारखा खाली पडतो. तिथला बोर्ड काचेचा. सवयीच्या जोराने मारलेला एकेक लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन बोर्डाला लावून टाकलेला बॉल, उसळून बाहेर! पहिल्या दहा मिनिटांत आमची एकच बास्केट. समोरच्या बाकावरची पोरं हसली, ते मी ऐकलं.

मध्यंतरात मी डावपेच वगैरे काही सांगितले नाहीत. "बोर्डाला हळू लावा" एवढंच म्हटलं. शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या मुलींनी समोरच्यांपेक्षा दोन गुण जास्त केले. तोवर सामना केव्हाच हातचा गेला होता, हे खरं. पण ती शेवटची दहा मिनिटं डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून हे पत्र. बोर्ड कळायला त्यांना अर्धा तास लागला. तोच बोर्ड आणि कोरडी जमीन जुलैपासून मिळाली असती तर?

मुळात हा खेळ जन्मला तोच छपराखाली. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला बाहेर कडाक्याची थंडी, विद्यार्थ्यांना आत व्यायामशाळेत काय खेळवायचं या विवंचनेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळाच्या टोपल्या ठोकल्या. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो जवळच्या स्मिथ कॉलेजातल्या मुलींना शिकवला. दोन कॉलेजांच्या मुलींचा पहिला सामना 1896 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला, स्टॅनफर्ड विरुद्ध बर्कली, निकाल 2-1. पुरुषांना आत यायची बंदी होती, पण डोक्यावर छप्पर होतं. त्यांना थंडी आडवी आली आणि त्यांनी खेळ घरात नेला. आम्हाला पाऊस आडवा येतो तर आम्ही खेळच बंद ठेवतो.

आता हिशेब. कोर्ट 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. चारही बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळी जागा सोडली की 32 गुणिले 19, म्हणजे 608 चौरस मीटर. उंची किमान 7 मीटर. लोखंडी सांगाडा, वर पत्रे, झडीच्या बाजूला अर्धी भिंत आणि वर जाळी. एवढंच काम. फक्त ते आमच्या वाऱ्याला टिकेल असं करायला सांगा. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा कोणाचे पत्रे कोणाच्या बागेत सापडले याची यादी गावात अजून सांगतात. तालुका क्रीडा संकुलाची योजना आपल्याच खात्याची आहे. त्यातला पैसा आधी छपरावर खर्च करा, कुंपण आणि कोनशिला मागाहून. आणि छप्पर एकट्या बास्केटबॉलचं राहणार नाही. व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, पावसात बंद पडणारी कबड्डी, सगळी त्याखाली येतील.

मुलींचा बास्केटबॉल बघतं कोण, असं आपल्याला कोणीतरी सांगेल. मलाही सांगितलं गेलंय, तेही अंगावर खेकसून: "चेडवांका हेच्यात काय मेळतला?" म्हणजे मुलींना यात काय मिळणार? 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर 1 कोटी 80 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, मुलांचा 1 कोटी 48 लाखांच्या आसपास. त्याच स्पर्धेत तीनच वर्षं आधी मुलींच्या व्यायामासाठी डंबेल्सची एक छोटीशी मांडणी ठेवली होती आणि मुलांना अख्खी जिम. एका खेळाडूने व्हिडिओ टाकला, बोभाटा झाला आणि दोन-तीन दिवसांत मुलींना जिम मिळाली. देवगडातून व्हिडिओ टाकून तसं काही होईल असं मला वाटत नाही, म्हणून टपालाने लिहितेय. आणि चेडवांना काय मिळतं ते आपल्याला ठाऊकच आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आपलंच राज्य देतं. त्याला लागणारं प्रमाणपत्र मात्र वरच्या स्पर्धा खेळल्याशिवाय मिळत नाही, आणि तिथवर जायचा रस्ता आमच्या त्या डबक्यातून जातो.

पावसाळा तोंडावर आला की इथे होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. आमच्या कोर्टाला तेवढंही नाही.

आपण पाहणीला यावं ही विनंती. पण जानेवारीत येऊ नका, तेव्हा कोर्ट कोरडं ठणठणीत असतं, आंब्याला मोहोर असतो आणि सगळं छान दिसतं. श्रावणात या, दुपारी तीनला, घासायच्या वेळी. येताना छत्री आणा, तिथे उभं राहायला आडोसा नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग